मामा गावाबाहेर गोड बोलायचे

मी लग्न होऊन चिखलीला आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्यांनी माझ्या हातचा चहा घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "तुमच्या माहेरी साखर मिळती का न्हाई?"

मला रडूच आलं. सासूबाई चुलीपुढून मागं न वळताच म्हणाल्या, "रडू नको गं. चहा आवडलाय त्यास्नी. आवडला नसता तर निम्मा टाकून उठले असते."

सासऱ्यांचं नाव ज्योतीराम आणि सासूबाईंचं शालनबाई. मी त्यांना मामा आणि आत्याबाई म्हणायची. मामांच्या तोंडून घरातल्या कुणाला कधी चांगला शब्द ऐकायला मिळाला नव्हता. भाकरी पातळ झाली तर "ही भाकरी हाय का पापड?" आणि जाड झाली तर "उंबऱ्याला लावा, दार आडकंल." विहिरीला पाणी कमी असलं की विहीर दळभद्री, भरली की "आता मोटंचा बैल आळशी हुणार." बैलाला तर ते जावईच म्हणायचे, कारण खातो फार आणि काम सांगितलं की फुरंगटतो. तरी त्या जावयाच्या पाठीवर पहिली झूल घालायला बैलपोळ्याला तेच पहाटे उठायचे.

अशा माणसाबरोबर आत्याबाई इतक्या हसतमुख कशा, याचं मला फार नवल वाटायचं. शेवटी एकदा शेंगा फोडता फोडता त्यांनी मला छप्पन सालची गोष्ट सांगितली. मधले काही तुकडे पुढं मामांकडूनही मिळाले, पण ते नाइलाजानं.

त्या काळी पिंपरीला रेल्वेलाइनीच्या अंगाला एक मोठा कारखाना उभा राहत होता. घरची जमीन एका भावाच्या हातांना पुरेल एवढी, आणि भाऊ होते दोन. धाकटे भिमाजी शेतात राहिले आणि मामा कारखान्यात लागले. त्यांना मशिनवर घेतलं नाही, बागेत घेतलं. "शेतकरी माणूस, मातीतलं कळंल," असं म्हणून साहेबांनी त्यांच्या हातात खुरपं दिलं आणि ऑफिसपुढच्या मोकळ्या जागेत हिरवळ लावायला सांगितली.

हिरवळ म्हणजे काय, तर हरळी! जी हरळी खणता खणता मामांच्या आज्याची कंबर मोडली, बापाची मोडली आणि त्यांची स्वतःची मोडायच्या बेताला आली होती, तीच हरळी आता ओळीनं लावायची, तिला पाणी घालायचं, आणि वर त्याचा पगार घ्यायचा. पहिल्या दिवशी घरी येऊन त्यांनी सायकल भिंतीला टेकवली आणि म्हणाले, "येडी हाईत समदी. गवत पेरत्यात, आन गाय आत आली तर शिपाई काठी घिऊन धावतोय."

आत्याबाई म्हणाल्या, "मग सोडा की."

"सोडतो कशाला? जलमभर तिनं मला राबवलं, आता माझ्या हातानं जगू दे तिला."

बागेत त्यांच्या जोडीला बबनराव नावाचा अंबाजोगाईकडचा तरुण गडी होता. फावडी, झाऱ्या, रबरी नळ्या ज्या कोठीतून मिळायच्या, तिथं लक्ष्मणराव म्हणून गुहागरचे गृहस्थ होते. दुपारचा भोंगा झाला की तिघं एका बाभळीखाली भाकरी सोडायचे. लक्ष्मणराव रोज गुहागरच्या समुद्राच्या आणि नारळांच्या गोष्टी काढायचे. त्यांचं ऐकून बबनराव आपल्या आईचा विषय काढायचा. मामा मुकाट्यानं जेवायचे.

एके दिवशी लक्ष्मणराव म्हणाले, "अहो ज्योतीराम, तुमच्या गावात काहीच नाही वाटतं सांगण्यासारखं?"

आता मामांचं उत्तर ठरलेलं होतं. "काय न्हाई, धूळ हाय." तेच सांगायला त्यांनी तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं ते भलतंच.

"आमच्या हिरीचं पाणी एकदा पिऊन बघा," मामा म्हणाले. "वैशाखात दाताला लागतं, एवढं गार."

बोलल्यावर ते स्वतःच दचकले. पण एकदा दार उघडलं ते उघडलंच. दुसऱ्या दिवशी जोंधळ्याचं रान झालं. माचावर उभा राहून भिमाजी गोफण फिरवतो, तेव्हा पोपटांचा थवा कसा एकदम उठतो आणि ऊन कसं क्षणभर हिरवं होतं, ते झालं. मग उंबराखालचा म्हसोबा, मग टाळमंडळीतला बेसूर चिमाजी, मग सोलून ठेवलेल्या लसणाचा वास. जावयाचाही नंबर लागला. "असा बैल मावळात न्हाई," मामा म्हणाले. तो बैल ऐकायला असता तर चरायचा थांबला असता.

हे असं का झालं, ते मी मामांना पुढं विचारलं होतं. ते तंबाखू मळता मळता म्हणाले, "दिसभर त्या हिरवळीकडं बघायचं. तिच्यावर ना शेळी, ना पाखरू, ना पोर लोळतंय. गप पडल्याली. मंग सांजच्याला सायकल घिऊन वेशीअलीकडच्या चढावर आलो की खाली आमचं गाव. घरांवर धूर बसल्याला, गुरांच्या घंटा, कुणीतरी सूप झटकतंय. रोज तितं उतरायचो. चढ हाय म्हून उतरतो, आसं वाटायचं."

"आणि?"

"आन काय? उतारालाबी उतराय लागलो, तवा म्हनलं काय तरी बिघाड झालाय."

बिघाड झाला होता खरा, पण घरी त्याचा पत्ता नव्हता. गावच्या वेशीपर्यंत मामा गोड असत आणि अंगणात सायकल लागली की पुन्हा भाकरी जाड.

पौष लागला. जोंधळा हुरड्याला आला. लक्ष्मणराव आणि बबनराव यांनी एवढं ऐकल्यावर ते कसले थांबणार? त्यांनी परस्पर ठरवून टाकलं की येत्या रविवारी ज्योतीरामच्या गावी जायचं. मामांनी रस्ता वाईट असल्याचं सांगितलं, कुत्री चावतात म्हणून सांगितलं, आपली तब्येत नरम आहे म्हणून खोकूनही दाखवलं. बबनराव म्हणाला, "मग तर बघायला यायलाच पायजे."

शनिवारी संध्याकाळी मामा घरात शिरले ते कुणाकडं न बघता. "उद्या दोन माणसं येनार हाईत. कायतरी करा."

"कोन माणसं?" आत्याबाईंनी विचारलं.

"कारखान्यातली. उगी आपली येतात. रिकामटेकडी हाईत."

मग आत्याबाईंना एक अजब दृश्य दिसलं. हा माणूस विहिरीच्या पायऱ्यांवरचं शेवाळ खरवडत होता. बैलाची शिंगं पुसत होता. म्हसोबाला नवा शेंदूर लागला. परसातनं आत येऊन मामा अगदी सहज म्हणाले, "मासवड्या जमतील का? न्हाई जमल्या तर राहू द्या. तुमच्या मासवड्या काय कुनाला लई आवडत्यात आसं न्हाई."

बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरं, लसूण भरून वळायच्या आणि वर झणझणीत रस्सा करायचा, म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. सणावाराशिवाय कुणी त्या वाटेला जात नाही. आत्याबाईंनी नवऱ्याकडं नीट बघितलं. त्यांच्या लग्नाला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. काहीतरी शिजतंय एवढं त्यांना कळलं, आणि त्यांनी खोबरं किसायला घेतलं.

रविवारी दोघं पाहुणे सायकलींवरून आले, धुळीनं पांढरे होऊन. गोठ्यापुढं आल्या आल्या बबनराव थांबला. "हाच का तो मावळात नसलेला बैल?"

बैल शेपटीनं माश्या हाकत होता. मामा घाईनं म्हणाले, "चला, आधी शेतात चला."

विहिरीवर दोघं पाणी प्यायले. पौषातल्या थंडीत कुठल्याही विहिरीचं पाणी दाताला लागतंच, त्यामुळं ती फुशारकी निभावली. शेतात भिमाजींनी खड्ड्यात गोवऱ्यांची आगटी पेटवली होती. कोवळी कणसं राखेत खुपसायची, भाजली की हातावर चोळायची आणि गरम दाणे पाहुण्यांच्या ओंजळीत टाकायचे. सोबत तिळाची चटणी, गूळ आणि दही. लक्ष्मणरावांना आमचं माळरान पहिल्यांदा उघडंबोडकं वाटलं होतं, तसं त्यांनी बोलूनही दाखवलं. पण दुसऱ्या ओंजळीनंतर ते समुद्राचं काही बोलले नाहीत. बबनरावानं दाणे तोंडात टाकले आणि तो चावायचाच थांबला. "आई आसाच चोळती," एवढंच म्हणाला आणि आगटीच्या धुराला नावं ठेवून डोळे पुसले. मामांनी त्याच्याकडं न बघता पुढचं कणीस त्याच्यासाठी चोळलं.

मग घरी जेवणं झाली. आत्याबाई वाढत होत्या. पहिली मासवडी खाऊन लक्ष्मणराव म्हणाले, "वहिनी, ज्योतीराम सांगतात ते खोटं नाही हो."

आत्याबाईंची पळी हवेत थांबली. "काय सांगत्यात?"

"शालनच्या हातची मासवडी खाल्ली की माणूस भांडण विसरतो, म्हणतात."

"जेवा की मुकाट," मामा म्हणाले.

"आन तुमी पहाटं जात्यावर बसला की हे जागंच असतात म्हनं," बबनरावानं भर घातली. "जागं हाईत आसं कळलं तर ओवी थांबंल, म्हनून कूस पण बदलत न्हाईत."

आत्याबाईंना घरात मामांच्या तोंडून काय ऐकायला मिळायचं? "पहाटंच काय ती घरघर, झोपू दे जरा," एवढंच. त्यांनी पदर नीट केला आणि अगदी साधेपणानं विचारलं, "कोनची ओवी म्हनून दाखवली त्यांनी?"

मामा पाणी पिण्यात गुंतले. बबनरावानं मात्र, शाळेत कविता म्हणावी तशी, खणखणीत म्हणून दाखवली:

"दारीचा माझ्या लिंब, पाला त्याचा गं कडू,
सावलीत बसल्यावर, चवीचं नाव कशाला काढू."

ही ओवी दुसऱ्या कुणाची नव्हती. आत्याबाईंनी ती स्वतः रचली होती, आणि घरातला माणूस गाढ झोपलाय अशा समजुतीनं त्या ती म्हणायच्या.

"पण ज्योतीरामभाऊ," बबनराव दाराकडं वाकून बघत म्हणाला, "मी मघाधरनं बघायलोय. दारात तुमच्या शेवगा हाय. लिंब कुठं दिसंना?"

आत्याबाईंनी खूप आवरलं. मग त्यांचा बांध फुटला. पळीसकट त्या भिंतीला टेकल्या आणि हसत हसत म्हणाल्या, "हा काय भाऊ! तुमच्या मधोमध बसून रस्सा वरपतोय की!"

लक्ष्मणरावांना ठसका लागला. भिमाजी ताट सोडून अंगणात पळाले, कारण थोरल्या भावापुढं एवढं हसणं बरं दिसलं नसतं. मामांनी ताटातली उरलेली मासवडी संपवली, बोटं चाटली आणि म्हणाले, "रस्स्यात मीठ कमी हाय."

पाहुणे उन्हं कलल्यावर निघाले. आत्याबाई त्यांना वाटेला हुरडा बांधून देऊन वेशीपासून परत आल्या, तर मागच्या दारी राखेनं भांडी घासल्याचा आवाज. मामा पाठमोरे उकिडवे बसून पातेलं घासत होते. त्या काळी पुरुषानं भांड्याला हात लावलेला कुणी बघितला तर गावभर झालं असतं, म्हणून त्यांनी परसाचं फाटक आतनं बांधून घेतलं होतं.

"ऱ्हाऊ द्या, मी घासते," आत्याबाई म्हणाल्या.

"तुमी घासता ते मला म्हाईत हाय. कडंला करपट तसंच ऱ्हातं."

आत्याबाई दारात बसल्या आणि सगळी भांडी होईपर्यंत नुसत्या बघत राहिल्या. मला सांगताना त्या इथं थांबल्या. शेंगा फोडायच्याही थांबल्या. "एवढी वर्सं मी त्या गड्याची बोलणी मोजत हुते," त्या म्हणाल्या. "जागरणं कुनी मोजायची, सांग."

मी धीर करून मामांना एकदा विचारलंच, की तो लिंब म्हणजे आपण, हे त्यांना त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं का?

"दारात शेवगा हाय ते मला दिसत न्हवतं व्हय?" मामा म्हणाले, आणि मला सांगितलं की चहा आणखीच गोड व्हायला लागलाय.

पुढच्या पौषात बबनराव पुन्हा आला, तो आईला घेऊन. तिचं नाव रुक्मिणीबाई. मराठवाड्यातनं ती पहिल्यांदाच एवढ्या लांब आली होती आणि पिंपरीच्या खोलीत तिचा जीव रमत नव्हता. बांधावर बसून तिनं स्वतःच्या हातानं हुरडा चोळून सगळ्यांना खाऊ घातला, मामांनासुद्धा. दोन बायकांचं असं जमलं, की बबनराव एकटाच कामावर परतला आणि म्हातारी संक्रांतीपर्यंत आमच्या घरी राहिली. मामा दिवसभर कुरकुरायचे, की आता घरात हसणारी तोंडं दोन झाली.

ती निघाली त्या दिवशी मामांनी कामावर खाडा केला. तिचं गाठोडं सायकलच्या कॅरियरला बांधलं, हँडलला तिळाच्या चटणीची बरणी अडकवली, आणि सायकलवर न बसता, तिच्या चालीनं चालत, ते तिला पिंपरीपर्यंत पोचवून आले. वेशीअलीकडच्या त्या चढावर म्हणे दोघं बराच वेळ बसले होते. तिथून मामा तिला एकेक घर कौतुकानं दाखवत होते.