नव्या स्पीकरचा पोचा

यार, आज माझी वाट लागलीये.

बाबांना घेऊन बोरीवलीला सेकंडहँड, पण भारीतले स्पीकर बघायला गेलो होतो. किंमत ऐकून म्हटलं, "बाबा, त्यापेक्षा नवेच घेऊया ना?"

बाबा तडकले. "नव्याचं नाव काढू नकोस! शहाऐंशी साली दत्तूच्या दुकानातून नवे घेतले, तर पोचा पडलेला माल गळ्यात मारला. म्हणे शाळेपासूनचा मित्र!"

तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद आहे.

पण स्पीकर घरी आले तेव्हा चांगलेच होते. जाळी काढून मधल्या मऊ गोलावर मीच बोट दाबलं होतं. सात वर्षांचा होतो, घाबरून गप्प बसलो.

आत्ता बाबा शेजारी बसून आणलेले स्पीकर टॉर्चने तपासतायत. दत्तूकाका अजून आहेत, ऐंशीच्या पुढे.

सांगू का रे?