पाशामियाँची बंडी

आमची सास्तूरला बदली झाली तेव्हा पाशामियाँनी पन्नाशी ओलांडली होती. तेरणा नदीच्या डोहात पडलेली घागर असो की पोहरा, काढून द्यायचे ते पाशामियाँच. पुढं गावात नळ आले आणि त्यांच्यामागं कायमचं काम लागलं. इंजिन ज्या पाइपानं डोहातलं पाणी ओढतं, त्याच्या तोंडची जाळी शेवाळानं तुंबते. माझे यजमान पाणीपुरवठ्याचे ओव्हरसियर. जाळी तुंबली की ते पाशामियाँना निरोप धाडत. पंधरा फूट खाली जायचं, एका दमात जेवढं ओरबाडता येईल तेवढं ओरबाडायचं, वर येऊन पुन्हा जायचं. वीस-पंचवीस बुड्या तरी.

एका पौषात ते खोकत आमच्या ओट्यावर येऊन बसले. तो खोकला मी ओळखला. माझी लेक मंजू, तिची छाती अशीच आहे. तिच्या श्वासाकडे कान लावून मी कितीतरी हिवाळे काढलेत.

"डॉक्टर म्हनतो, छातीत आनखी गारठा भरला तर उठनार न्हाय," ते म्हणाले. "सायबांना सांगा, पाशा थकला."

मी सांगितलं. पण नळ तीन दिवस कोरडे होते आणि डोहात उतरायला दुसरं कुणी तयार नव्हतं. यजमानांनी खात्याच्या गोदामातून पाणबुड्याचा रबरी पोशाख मागवला. पायमोज्यांसकट, गळ्याशी, मनगटाशी घट्ट. आत पाणी शिरत नाही. पाशामियाँ तो घालून उतरले आणि पाचव्या बुडीलाच दात वाजवत काठावर आले.

"ह्या रबरापरीस माझं कातडं बरं."

त्यांनी तो उघड्या अंगावर चढवला होता आणि आतली हवा दाबून दाबून काढून टाकली होती. जन्मभर त्यांचं हवेशी वैर. बुडीआधी अर्धा श्वास सोडायचा, कमरेला धोंडा बांधायचा, नाहीतर पाणी वर फेकतं.

मी गप्प बसायला हवं होतं. पण कॉलेजात पदार्थविज्ञान शिकले होते. त्यांच्या घरी जाऊन सांगितलं, की ऊब रबराची नसते, आत कोंडलेल्या हवेची असते. हवेतून उष्णता सावकाश जाते. आरगॉन म्हणून एक वायू आहे, विजेच्या दिव्यात भरतात, तो तर हवेपेक्षाही ऊब धरतो.

"कुठं मिळतो?"

"इथं नाही मिळायचा."

"मग सास्तूरचीच हवा भरू. फुकट हाय."

त्यांची बायको ताहेराबी पिंजाऱ्याची लेक. ती म्हणाली, "ह्याला कालेज कशाला पायजे? रजई दबली की कुडकुडायचं, पिंजून फुगवली की घोरायचं. रुई तीच."

दोन दिवसांत तिनं पोशाखाच्या आत घालायला ताज्या पिंजलेल्या कापसाची बंडी शिवली. शेवटचा टाका घालताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाई, ह्यांना काय झालं तर मी कुनाच्या दारात जाऊ?"

मी सुईतला दोरा तोडून दिला.

एवढी हवा घेऊन बुडायचं तर वजन जास्त लागणार. किलो आल्यापासून शिवशरण वाण्याची शेराची लोखंडी वजनं दुकानात नुसती पडून होती. त्यानं पाच-पाच शेरांची चार वजनं आणली आणि पाशामियाँच्या कमरेला बांधता बांधता म्हणाला, "चाचा, ह्यांना सरकारनं रिटायर केलं. तुमचा नंबर कधी?"

"ह्यांना सुटायला सायबांच्या बाईकडं निरोप द्यावा लागला न्हाय, आपोआप सुटली."

ते बुडाले की काठावर ताहेराबी आणि मी आकडे मोजायचो. बावीस बुड्या झाल्या. इंजिनानं पाणी ओढलं, माणसं ओरडली. पोशाख उतरवताना मी नकळत त्यांच्या तळपायाला हात लावला, मंजूच्या लावते तसा. पाय कोरडा होता, आणि गरम.

"झालं," यजमान खुशीत म्हणाले. "आता थंडीचं काही कारण उरलं नाही."

पाशामियाँ माझ्याकडे वळले. राग नव्हता.

"बाई," ते हळू म्हणाले, "थंडी व्हती म्हनून कवातरी न्हाय म्हनता येत व्हतं."

त्याला चार हिवाळे झाले. पाशामियाँ अजून उतरतात. ताहेराबी दर पौषात बंडी उसवून कापूस नव्यानं पिंजते आणि शिवून आमच्याकडं आणून देते, कारण पोशाख आमच्याच घरी खुंटीला असतो. निरोप गेला की तो मीच काढून देते. देण्याआधी बंडी झटकून जरा फुगवते. तेवढंच माझ्या हातात आहे.