आबांच्या टेपवरचा सवाल

एका वस्तूच्या दोन होत असतील तर ती एकट्यापाशीच का ठेवायची, हे आमच्या टेपआबांना कधी समजलेच नाही. रस्त्याने कुणी गुणगुणत चालले तरी आबा आधी त्याच्या तोंडाकडे बघत आणि मग आपल्या मशीनकडे. आष्ट्याच्या शाळेत मी शिक्षिका म्हणून रुजू झाले तेव्हा त्यांच्याच माडीवर मला खोली मिळाली. आबा फौजेत सिग्नलमध्ये हवालदार होते. पेन्शनीत निघाले ते दोन टेपरेकॉर्डर घेऊनच. एक वाजवायचा, दुसरा उतरवून घ्यायचा, मध्ये एक वायर. सत्तरच्या दशकातल्या आमच्या गावात टेपआबा म्हणून नाव पडायला एवढे पुरेसे होते.

गंमत म्हणजे या उद्योगात ते कुणाकडून दमडी घेत नसत. कोरी कॅसेट आणा, भरून न्या. सिनेमाची गाणी, नाट्यगीते, भजने, काय वाटेल ते. लोभ नाही, मग हा माणूस हे करतो तरी कशासाठी, याचे मला भारी कुतूहल.

"आबा, ही चोरीच नव्हे का?" एकदा मी विचारलेच.

आबा खूश झाले. वाद घालायला कुणी मिळाले की ते नेहमीच खूश होत. "चोरी कशी, बाई? माझी सायकल कुणी नेली तर मला चालत जावं लागंल. हितं कुणाचं काय गेलं? तबकडी दुकानात हाय तितंच हाय." दुसऱ्या दिवशी जिन्यात गाठून आणखी एक मुद्दा: "ज्याच्यापाशी पैसंच न्हाईत, तो तसाबी इकत घेणार नव्हता. मग कंपनीचं बुडलं काय?" आणि तिसऱ्या दिवशी, "ममईचा गाणारा माझ्या कॅसेटीपायी उपाशी निजतोय व्हय?" यात कुठेतरी खोट आहे असे मला वाटे, पण बोट ठेवता येत नसे. मी हार मानली की आबा चहा पाजत.

आबांचे दैवत एकच, पलूसचे दस्तगीरभाई. भेदिक शाहीर. भेदिकात दोन फड समोरासमोर बसतात. एकाने गाण्यातून कोडे घालायचे, दुसऱ्याने गाण्यातूनच ते सोडवायचे. सुटले नाही तर हार, आणि मग उत्तर कोडे घालणाऱ्यानेच गायचे. एकेक सवाल दस्तगीरभाई वर्षभर मनात घोळवत आणि मग तोच गावोगावच्या जत्रांत टाकत. पलूसच्या जत्रेत आबांनी पुढे बसून त्यांचे सवाल उत्तरांसकट उतरवून घेतले आणि मुलखभर वाटले. "लय मोठा माणूस, बाई. गावोगाव कळाय पायजे."

आणि खरोखरच कळले. पुढच्या वर्षी कडेगावच्या जत्रेला मीही आबांबरोबर गेले होते. भर दुपारी दस्तगीरभाईंनी डफावर थाप मारून सवाल टाकला. समोरच्या फडाने तोंड उघडायच्या आत पुढे बसलेली पोरे उत्तर गाऊ लागली. भाईंच्याच चालीत, आणि टेपमध्ये ते जिथे खोकले होते तिथे खोकूनसुद्धा. लोक हसले. त्या हसण्यात कौतुकच होते, वाईट कुणाच्याच मनात नव्हते. दुसऱ्या सवालाला तेच झाले. भाईंनी डफ मांडीवर उपडा ठेवला. मानाचा फेटा समोरच्या शाहिराला मिळाला, पण तोही मान वर करून बघेना.

आबा लगबगीने त्यांच्यापाशी गेले. "भाई, नाव झालं की तुमचं. पोरंठोरं म्हणत्यात."

"झालं की," दस्तगीरभाई शांतपणे म्हणाले. "पर राखून ठिवलेलं समदं भायेर गेलं, आबा. आता मी ईचारू काय?"

मला आबांचा राग आला होता, पण त्यांचा चेहरा बघून तो ओसरला.

त्यानंतर आबा वाटलेल्या कॅसेटी परत मागत गावोगाव हिंडले. पण एकीच्या पाच झालेल्या. लोक हसून म्हणत, "तुमचं काय गेलं, आबा?" इकडे दस्तगीरभाईंनी फड मोडला आणि ते सांगलीत चुलतभावाच्या बांगड्यांच्या दुकानात बसू लागले. आबा एसटीने त्यांना भेटून आले. मशीन नेले नव्हते.

"चहा पाजला वो त्यांनी," आबा मला सांगत होते. "मी म्हणलं, भाई, कायतरी म्हणा. तर तितंच, गिऱ्हाईक नसताना, हळू आवाजात नवा सवाल म्हणलं. मला काय सुटंना. म्हणलं, आता सांगा उत्तर. तर म्हणालं, 'आबा, तेवढं एक माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या.'"

दोन वर्षांत दस्तगीरभाई गेले. आबांनी सिनेमाची गाणी उतरवून देणे काही सोडले नाही. त्याबद्दल विचारले की ते विषय बदलत. पण कुणी जवळपासच्या भजन्याची किंवा शाहिराची टेप आणली की मशीनला हात लावण्याआधी त्यांचा एकच प्रश्न, "त्याला ईचारलंस का रं?" बरेच जण कोरी कॅसेट घेऊन परत जात. भाईंचा तो नवा सवाल मात्र त्यांनी मलाही कधी सांगितला नाही. मी पुष्कळदा खोदून विचारले.

माझी साताऱ्याला बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला खाली गेले. आबा मशीन बंद करून बसले होते, ओठ मात्र हलत होते.

"सुटला का सवाल, आबा?"

"न्हाई, बाई. आन् सुटूबी नये. त्या माणसाची एवढीच एक गोष्ट ऱ्हायली, जी मी घेतली न्हाई."