अप्पा आणि कॉकटेल

आमचे अप्पा, म्हणजे धारवाडच्या मराठी शाळेतून निवृत्त झालेले मुकुंदराव कुरडीकर, यांनी जन्मात दारूला हात लावला नाही. तरी ‘कॉकटेल’ या एका शब्दापायी त्यांनी चार वर्षं घालवली. ती चार वर्षं आमच्या घरात कशी गेली, हे मी, त्यांची मुलगी उत्तरा, चांगलंच जाणते.

अप्पांची एक खोड होती. शब्द कुठून आला हे कळल्याशिवाय त्याविषयी तोंड उघडायचं नाही. वर्गात धड्याआधी अर्धा तास शब्दांच्या कुळकथा चालायच्या. पोरांची चंगळ व्हायची आणि हेडमास्तरांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. आई गेली तेव्हा भेटायला आलेल्या कुणीतरी ‘सुतक’ म्हटलं, आणि अप्पा त्या शब्दाच्या मुळाविषयी तासभर बोलत राहिले. रडले मात्र नाहीत. मला तेव्हाच कळायला हवं होतं की जे सोसत नाही त्याच्याकडं बघायचं टाळून हा माणूस शब्दाकडं बघतो.

माझा धाकटा भाऊ संजीव हुबळीच्या एका मोठ्या हॉटेलात लागला होता. ‘सर्व्हिसला आहे’ एवढंच त्यानं अप्पांना सांगितलेलं. तो बारच्या काउंटरवर असतो हे मला माहीत होतं, पण मी मूग गिळून बसले. नव्व्याण्णव साली एका सकाळी बाजारात अप्पांना त्यांचा जुना विद्यार्थी भेटला आणि कौतुकानं म्हणाला, “सर, तुमच्या संजीवच्या हाताला काय चव आहे हो! त्याच्या हातचं कॉकटेल प्यायला लोक बेळगावहून येतात.”

अप्पा घरी आले. संजीवची सुट्टी होती, तो ओसरीवर पेपर वाचत बसला होता. आता आभाळ कोसळणार म्हणून मी स्वयंपाकघरातून धावत आले. अप्पांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. भाजीची पिशवी खाली ठेवली आणि कपाटातून शब्दकोश काढला.

कोशात ‘मिश्र मद्य’ एवढंच होतं. व्युत्पत्ती नव्हती. त्या दिवसापासून अप्पांनी संजीवशी बोलणं टाकलं.

“रागावलायत काय त्याच्यावर?” मी विचारलं.

“शब्दच कळला नाही, तर त्याला बोलू काय? आधी छडा लागू दे की.”

“अहो अप्पा, पोरगा समोर बसलाय की. त्यालाच विचारा.”

“त्याला काय कळतंय त्यातलं?”

हे संजीवनं ऐकलं. तोही त्यांचाच मुलगा. अप्पा बोलतील तेव्हाच बोलीन म्हणून हटून बसला. एका घरात राहून दोघं माझ्यामार्फत निरोप धाडायचे, आणि मला दोघांचाही असा संताप यायचा की भांडी आपटूनच ठेवली जायची.

अप्पांचा शोध मात्र चालूच होता. विद्यापीठाच्या ग्रंथालयात जायचे, ओळखीच्या प्राध्यापकांना पत्रं लिहायचे. वाटेत ‘पंच’ हा पेयाचा शब्द सापडला. तो पाच जिनसांवरून, म्हणजे आपल्याच ‘पाच’वरून गेला असं बहुतेक जण मानतात, हे वाचून स्वारी दोन दिवस खुशीत होती. कॉकटेल काही हाती लागेना. कुणी म्हणे कोंबड्याचं पीस पेल्यात खोचायचे, कुणी म्हणे अंडं ठेवायच्या फ्रेंच पेल्यावरून आला.

दोन हजार तीनमध्ये संजीवला परदेशी जहाजावर नोकरी मिळाली. जायच्या आधी आठ दिवस तो घरी होता. मला वाटलं, आता तरी बोलतील. अप्पा रोज दहाला ग्रंथालयात जायचे ते पाचला परतायचे. पोराच्या कामाचा शब्द पोर जायच्या आत लावायचाच, असा त्यांनी ध्यास घेतला होता. त्यांच्या परीनं ती माया होती. पण तिच्यापायी आठही दिवस गेले.

शेवटच्या दिवशी मी एकटीच त्याला सोडायला स्टेशनवर गेले. मुंबईची गाडी येऊन लागली, संजीव खिडकीशी बसला, आणि अप्पा हातात कागद घेऊन धापा टाकत फलाटावर आले.

“संजीव,” ते म्हणाले. चार वर्षांत पहिल्यांदा. आणि लगेच कागद वाचायला लागले. “एक मत असं, की अस्सल जातीचे नसलेले, म्हणजे मिश्र रक्ताचे घोडे, त्यांची शेपटी छाटायचे...”

“म्हणून मिश्र पेयाला ते नाव,” संजीव म्हणाला. “दुसरं मत अंड्याच्या पेल्याचं. तिसरं कोंबड्याच्या पिसाचं. पक्कं कुठलंच नाही. अप्पा, पहिल्याच आठवड्यात शिकवतात हे आम्हाला.”

अप्पांचा हात खाली आला. “मग सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही विचारलंत कुठं?”

अप्पांनी कागदाची घडी करून खिशात घातली. मला त्यांची कीव आली, आणि स्वतःचीही लाज वाटली. शिट्टी झाली. गाडी हलली तसे अप्पा खिडकीबरोबर चालायला लागले, आणि शब्दाचं सोडून पहिल्यांदाच काहीतरी विचारलं, “जहाजावर जेवायला काय देतात रे?”

संजीव खिडकीतून वाकून काहीतरी म्हणाला. गाडीच्या खडखडाटात ते विरून गेलं. गाडी दिसेनाशी झाल्यावर अप्पा माझ्याकडं वळले. “काय म्हणाला ग तो?”

मलाही ऐकू आलं नव्हतं.

“वरणभात मिळतो म्हणाला, अप्पा,” मी सांगितलं.