एडनच्या समुद्रातून आलेला फोन

मी चौथी शिकलेला माणूस, आष्टीचा. माझं पोरगं नौदलात लागलं तेव्हा आमच्या घरात कुणी समुद्र पाहिला नव्हता.

पुढं टीव्हीवर रोज दाखवायला लागले. सोमालियाचे चाचे छोट्या होड्यांतून येतात, शिडी लावून मालजहाजावर चढतात, माणसं धरून ठेवतात, खंडणी मागतात. आणि पोराचं लढाऊ जहाज तिकडंच, एडनच्या आखातात गेल्तं. पोराला माघारी आणायचं, एवढंच माझ्या डोक्यात.

मेव्हणा म्हणाला, "दाजी, त्याला माय सीरियस हाय म्हणून कळवा. सुट्टी बराबर मिळती. मी माझं पोरगं मिलिट्रीतून दोनदा आणलं तसं."

आठ दिवसांनी पोराचा फोन आला. मी म्हणालो, "माय उठून बसत न्हाई रे. जल्दी ये."

त्याची माय माझ्या समोरच भाकऱ्या थापून राह्यली होती.

पोरगं म्हणालं, "साहेबाला सांगतो. तिला द्या आधी."

तिनं पिठाच्या हातानंच फोन घेतला. मी खुणावलं, कण्ह. ती कुठली कण्हती! "तू तिथं काय करतो रे?" तिनं विचारलं, आणि ऐकलेलं मोठ्यानं मला सांगत गेली. मालजहाजं एका ठिकाणी जमतात. मंग रांगेनं निघतात, ह्यांचं जहाज सोबतीला. जहाज कोणत्या बी देशाचं असो. दुसऱ्या देशांची लढाऊ जहाजं बी हायेत, होडी दिसली की एकमेकांना कळवतात.

"म्हणजे परतूरच्या बाजाराला कापूस न्यायला बैलगाड्या जमवून निघायच्या, तसंच की," ती म्हणाली. "एकट्या गाडीचा कापूस वाटेत चोर ओढून न्यायचे. तुझा बाप काठी घेऊन शेवटच्या गाडीवर बसायचा."

मंग एकदम म्हणाली, "मला काही झालं न्हाई. बाप खोटं बोलला, घाबरलाय तो. तू तुझं काम कर."

फोन ठेवून माझ्याकडं वळली. "अहो, त्या मालजहाजावरच्या पोरांना माय न्हाई का?"

मी दोन दिवस तिच्याशी बोललो न्हाई. मेव्हण्यापुढं माझं नाक कापलं म्हणून.

पोरगं चार महिन्यांनी आलं, उन्हानं काळं पडलेलं. तिनं दारातच मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली.

ती जाऊन आता दोन वर्षं झाली. लोक म्हणतात, पोरानं नाव काढलं. काढलंच. पण माझ्या मनासारखं झालं असतं तर ते पोरगं खोट्या सुट्टीवर घरी बसलं असतं आणि मी खुश झालो असतो. तिनं ते होऊ दिलं न्हाई. तुझंच बराबर होतं, हे ती होती तवर तिला म्हणायला माझी जीभ रेटली न्हाई.