आधी मलबार हिल, मग मार्सेलिस

ठाकूरद्वारच्या बाईंनी मला मदत केली. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढं मी त्यांच्यावर बराच वैतागणार आहे आणि कोणाला वाटायला नको की हा माणूस कृतघ्न आहे. सहावीत शाळा सोडून मालवणाकडून आलेल्या माझ्यासारख्याला 'तूसुद्धा परदेशातलं एक शहर बघू शकशील' असं म्हणणाऱ्या त्या एकट्याच. बाकीचे सगळे म्हणाले, "येताना नायलॉनची साडी आण."

बाई मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. घराणं मुंबईतलं जुनं. लग्न केलेलं नाही, शहराची वेस फारशी ओलांडलेली नाही, बोलणं मात्र असं की कालच जग पाहून आल्यात. माझी मावशी गिरगावात खाणावळ चालवायची, मी तिच्याकडे राहायचो आणि बाईंचा डबा पोचवायचो. एक दिवस डबा ठेवताना मी सांगितलं, मला बोटीवर काम मिळालंय. भंडाऱ्याच्या हाताखाली. भंडारी म्हणजे आपल्या खलाशांचं जेवण रांधणारा. मी त्याची भांडी घासायची आणि मसाला वाटायचा. बोट विलायतेला जाणार आणि वाटेत मार्सेलिसला एक दिवस थांबणार.

"मार्सेय म्हण," बाई म्हणाल्या. "आणि तिथं काय करणार तू?"

"भांडी घासणार."

"बोट धक्क्याला उभी असताना? शुंभा!"

मला तरी कुठं घासायची होती? दुपारची भांडी आवरल्यापासून संध्याकाळचा भात चढेपर्यंत उतरायला मिळतं, असं मी ऐकलं होतं. पण जुने खलाशी सांगायचे की एखादा रस्ता चुकतो, बोट निघून जाते, मग नोकरीही गेली आणि परक्या मुलखात 'पाणी द्या' म्हणायचीही पंचाईत. मला ते शहर बघायचं होतं आणि बोट चुकवायची नव्हती. या दोन गोष्टी एकत्र बसतील कशा, असं मी बाईंनाच विचारलं.

"बसवू," बाई म्हणाल्या, आणि माझे हाल सुरू झाले.

त्यांच्याकडे जुन्या बाजारातून आणलेलं एक इंग्रजी प्रवासपुस्तक होतं. त्यात बघून त्यांनी ठरवलं: आधी टेकडीवरचं देऊळ, मग कारंज्याचा महाल, त्यातच चित्रं, मागं प्राण्यांची बाग, येताना जुनी पेठ. मी म्हटलं, "बाई, एवढ्यात तर आमचा भात करपेल." त्या म्हणाल्या, "आपण मुंबईसकट महाराष्ट्र घ्यायला निघालोय आणि तुला एका दुपारी एक शहर घेता येत नाही?"

दिवस तेच होते. चौकाचौकात सभा, भिंतींवर 'झालाच पाहिजे'. बाई प्रत्येक सभेला जायच्या आणि परत आल्या की त्याच जोरात माझ्यावर यायच्या. "महाल कुठल्या दिशेला? बोल! झालाच पाहिजे म्हणजे झालाच पाहिजे!"

खाणावळीतल्या मंडळींचं निराळंच. मार्सेलिस म्हटलं की त्यांना समुद्रातली ती एकच उडी आठवायची. जो जेवायला बसेल तो आमटी ओरपत सांगणार, "ती जागा बघून ये हां. हात जोडून ये. थोडं पाणी मिळालं तर बाटलीतनं आण." बाईंच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाल्या, "नमस्कार बोटीवरूनच कर. आणि तू शिडीनंच उतर."

त्यानंतर बाईंनी तालीम काढली. त्यांच्या मते गिरगावची चौपाटी म्हणजे मार्सेलिसचं बंदर आणि मलबार हिल म्हणजे ती देवळाची टेकडी. "इथनं निघायचं, वर जायचं, समुद्राकडे एकदा नीट बघायचं, वाळकेश्वरच्या बाजूनं उतरायचं आणि डब्याच्या वेळेत परत यायचं. इकडेतिकडे बघत रेंगाळलास तर बोट गेली समज."

मी गेलो. भर उन्हात, मावशीच्या शिव्या खाऊन. वर चढलो, समुद्र बघितला, उतरलो, आणि चौपाटीच्या तोंडाशी मोर्चा. पुढं जाता येईना, मागं फिरता येईना. कोणीतरी माझ्या हातात झेंडा दिला. झेंडा टाकून कसा पळणार? घोषणा देत देत मी भलतीकडेच पोचलो आणि संध्याकाळी ठाकूरद्वारला आलो तर बाई दारातच उभ्या.

"बोट गेली."

"बाई, मोर्चा होता."

"मार्सेयला मोर्चे नसतात असं कोणी सांगितलं तुला?"

"पण बाई, मोर्चा आपला होता!"

"मग उद्या आपल्यासाठी पुन्हा चढ."

पुन्हा चढलो. दुसरं काय करणार?

पाय तयार झाले तशी तोंडाची पाळी आली. बोटीच्या शिडीशी साहेब उभा असतो, उतरणाऱ्याची आणि परतणाऱ्याची नोंद घेतो. बाकीचे खलाशी सारंगाच्या, म्हणजे त्यांच्या मुकादमाच्या, मागून मुकाट जातात. पण बाईंचा हट्ट, मी माझ्या तोंडानं परवानगी मागायची. "आय गो, सर. एवढं तर म्हणशील?" मी ते खाणावळीत घोकत बसलो. मावशीनं विचारलं, म्हणजे काय? मी सांगितलं, जातो. तिनं हातातली पळी आपटली.

"मेल्या, दर्यावर निघालेलो माणूस 'जातंय' म्हणता? येतंय म्हण!"

"मावशी, इंग्रजीत तसं नसतं."

"इंग्रजीत बोटी बुडणत नाय काय?"

त्या दिवसापासून बाई म्हणायच्या, गो म्हण. घरी मावशी म्हणायची, 'गो' म्हणशील तर चुलीतलं लाकूड घेईन. दोघींनाही मी प्रिय, आणि दोघींच्या मध्ये माझं भरीत. निघायच्या दिवशी मावशीला आणि बाईंना वाकून नमस्कार केला, दोघींनाही 'येतो' म्हटलं.

मार्सेलिसला लागलो तेव्हा पहिला धक्का असा की टेकडीवरचं ते देऊळ बोटीवरूनच दिसत होतं. कळसावर सोन्याची देवी, हातात मूल. आंधळ्यालासुद्धा सापडलं असतं! ज्यासाठी मी मलबार हिल पुन्हा पुन्हा पालथी घातली ते हे, डोळ्यांसमोर. बाईंचा इतका राग आला की विचारू नका.

दुपारची भांडी आवरली, धुतलेला सदरा घातला, शिडीशी गेलो. साहेब उभा. मी हात जोडले. जिभेवर ऐन वेळी मावशी येऊन बसली.

"आय कम, सर."

साहेबानं मान डोलावली, कागदावर खूण केली आणि बोटानं खाली दाखवलं. म्हणजे जा, कामाला लाग. त्याच्या लेखी मी शहर बघून परत आलो होतो! मी पुन्हा म्हटलं, "आय कम." तो म्हणाला, "येस, येस, गुड." मी आणखी मोठ्यानं म्हटलं. तो वैतागला. मी निमूट खाली आलो आणि घासलेलीच भांडी परत घासायला घेतली. डोळ्यांत पाणी आलं होतं ते मसाल्याचं नव्हतं.

बऱ्याच वेळानं सारंग आला. रत्नागिरीकडचा, पांढऱ्या दाढीचा. "काय रे, उतरला नाहीस?"

मी झालं ते सांगितलं. तो हसता हसता खोकायला लागला.

"अरे येड्या, गोऱ्याला काय माहीत आपलं येतो? तो काय तुझी मावशी आहे? गो म्हण आणि सूट!"

मी वर पळालो, डोळे मिटले आणि म्हटलं, "आय गो, सर." म्हणताना खरंच वाटलं की पायाखालची फळी सरकणार. साहेबानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. आत्ताच आलेला माणूस परत चालला, याचं त्याला नवल वाटलं असावं. पण त्यानं सोडलं.

आता ऊन कलायला लागलं होतं. महाल गेला, चित्रं गेली, प्राण्यांची बाग गेली. देऊळ तरी गाठू म्हणून सुटलो, तर बाईंच्या पुस्तकात जुन्या बंदराच्या तोंडावर जो मोठा लोखंडी पूल होता तो जागेवर नाही! एका जाळं विणणाऱ्या म्हाताऱ्याला मी हातानं पूल करून दाखवला. त्यानं तोंडानं स्फोटाचा आवाज काढला आणि दोन्ही हात फाकले. युद्धात उडाला होता. मग अख्ख्या बंदराला वळसा घालून, बाईंना, पुस्तकाला आणि लढाई करणाऱ्या सगळ्यांना शिव्या देत मी टेकडी चढलो. एक मात्र कबूल करतो, पाय दुखले नाहीत.

आत गेलो आणि वर बघितलं. छताला दोऱ्यांनी गलबतं टांगलेली. लहान लहान, लाकडाची, शिडांसकट. वादळातून वाचलेल्या खलाशांनी वाहिलेली. आमच्याकडे मूल झालं की देवाला पाळणा बांधतात, तसं. मला कोणी समजावून सांगितलं नाही आणि गरजही पडली नाही. मी हात जोडले, 'जातो' म्हटल्याबद्दल मावशीच्या वतीनं माफी मागितली, बाहेर येऊन समुद्राकडे एकदा बघितलं आणि जो धावत सुटलो तो भात चढायच्या आत बोटीवर. भंडारी म्हणाला, "काय बघितलंस?" मी धापा टाकत तांदूळ धुवायला घेतले.

मुंबईला आल्यावर आधी ठाकूरद्वारला गेलो. बाईंनी उभ्या उभ्याच उलटतपासणी घेतली.

"महाल?"

"नाही झाला."

"प्राण्यांची बाग?"

"नाही. आणि तुमचा पूलसुद्धा नाहीये. लढाईत उडवला."

बाई खुर्चीवर बसल्या. पुस्तक उघडून त्या पानाकडे बघत राहिल्या. मग जरा हळू आवाजात म्हणाल्या, "बरं, वरून समुद्र कसा दिसतो ते तरी सांग."

मी खूप विचार केला. "निळा."

"निळा! भूगोलाच्या बाईला येऊन सांगतोय समुद्र निळा! अरे, बेटं किती? किनारा कसा वळतो? वारा कुठून?"

माझ्या डोळ्यांपुढं सगळं लख्ख होतं आणि तोंडातून एक शब्द फुटत नव्हता. त्या चिडल्या, मी चिडलो, डबा तसाच गार झाला.

त्यानंतर मी बऱ्याच बंदरांत एकटा उतरलो, परत आलो, बोट एकदाही चुकली नाही. हे बाईंचं देणं आहे आणि ते निळा म्हणून फिटणार नाही. म्हणून इथं लिहून ठेवतो: कधी ना कधी मी बाईंना त्या टेकडीवर नेणार. गुडघे धरले असतील तर पाठीवर घेऊन नेणार. वाटेत त्या माझं सगळं चुकलं म्हणून सांगतील, मी वैतागेन, पण वर पोचल्यावर त्यांना समुद्राच्या बाजूला उभं करीन आणि गप्प बसेन. बेटं त्यांची त्यांनी मोजावीत.