टिपू नका, घासा!

आमच्या भावजींना सगळा बाजार ‘डागदर’ म्हणतो. कपड्यावरचा कुठलाही डाग त्यांच्यासमोर ठेवा, शाईचा असो, गंजाचा असो की रंगाचा. ते आधी डोळे बारीक करून पाहतात, मग वास घेतात आणि मग कापसाचा बोळा औषधात बुडवून डागावर हलकेच टेकवतात. टेकवायचा, उचलायचा. टेकवायचा, उचलायचा. ‘वहिनी, डाग टिपायचा असतो. घासला की पसरतो,’ हे वाक्य मी लग्न होऊन या घरात आले त्याच आठवड्यात पहिल्यांदा ऐकलं, आणि आता ते ऐकलं की माझं डोकं उठतं. कारण हा माणूस जगतोही तसाच. जेवणं टिपून, बोलणं टिपून, हसणं तर त्याहून टिपून. लग्नासाठी स्थळं आणली तर प्रत्येक मुलीत यांना काही ना काही डाग दिसला. पन्नाशी आली, स्वारी अजून मोकळीच.

दुकान आमचं धुलाईचं. मी काउंटरवर बसते, आमचे हे, म्हणजे भावजींचे थोरले भाऊ, गाडीवरून घरोघरी कपडे पोचवतात, आणि भावजी आतल्या खोलीत दिव्याखाली टेबलावर वाकलेले.

तर एका सकाळी दारातला उजेड अडवेल असा एक ट्रक ड्रायव्हर आत शिरला. दोन्ही हातांची ओंजळ छातीशी धरलेली.

“डागदर कुठायत?”

“आत आहेत,” मी म्हटलं. मला वाटलं, शर्टाला ऑइल लागलं असेल.

तो तसाच आत गेला आणि त्यानं ओंजळ टेबलावर रिकामी केली. मांजराचं पिल्लू! पांढरं, मूठभर, डोळे जेमतेम उघडलेले.

“आई गाडीखाली गेली हो याची. पुढची गाडी होती, माझी नाही. चहावाल्याला विचारलं, इथं जवळ डागदर कोण? त्यानं तुमचं दुकान दाखवलं. बघा बुवा काहीतरी, तुमच्या हाताला यश येवो!”

बाहेर त्याचा ट्रक रस्त्यात आडवा आणि मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. भावजी “अहो, मी तसला...” एवढंच म्हणेपर्यंत तो गेलासुद्धा.

आम्ही दोघं पिल्लाकडे बघत राहिलो. त्याच्या पाठीवर एक तपकिरी ठिपका होता. भावजींनी दिवा खाली ओढला, डोळे बारीक केले आणि, खोटं सांगत नाही, त्यांचा हात कापसाकडे गेला.

“भावजी! डाग नाही तो. रंग आहे त्याचा!”

दुपारी आमचे हे आले आणि त्यांनी मोठ्या प्रेमानं ड्रॉपरनं पिल्लाला घरातलं गाईचं दूध पाजलं. संध्याकाळी पोट टम्म. हे म्हणतात, “बघा, कसं बाळसं धरलंय!” बाळसं कसलं? हात लावला तरी ते कळवळत होतं. मी पिशवीत टॉवेल घातला, टॉवेलात पिल्लू घातलं आणि भावजींना पुढे घालून प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

बाईंनी पोट चाचपलं आणि आम्हा दोघांना फैलावर घेतलं. गाईचं दूध बंद. पिल्लांसाठी वेगळी पावडर मिळते, तीच कोमट करून पाजायची. अंगाला ऊब हवी. “आणि सगळ्यात महत्त्वाचं, इतक्या लहान पिल्लाला आपली आपण शी-शू करता येत नाही. आई चाटते, तेव्हा होते. आई नाही म्हटल्यावर आता ते काम तुमचं.”

“चाटायचं?” भावजींचा चेहरा पांढराफटक.

“कापसानं हो! कोमट पाण्यात भिजवून. पोटापासून शेपटीखालपर्यंत, दर वेळी पाजून झालं की. उद्यापर्यंत शी झाली नाही तर मात्र अवघड आहे.”

कापूस म्हटल्यावर भावजींच्या जिवात जीव आला. हा तर त्यांच्या हातचा मळ! परतताना मी त्यांना बजावलं, “जीव लावू नका. नाव तर मुळीच ठेवायचं नाही. ते काही जगत नाही.” ते ‘हो’ म्हणाले आणि दुकानात येताच स्वतःचा लोकरी मफलर कापून पिल्लाच्या खोक्यात अंथरला. हे यांचं जीव न लावणं!

शू झाली. आम्ही तिघं लॉटरी लागल्यासारखे ओरडलो. पण शीचं नाव नाही. घोडं तिथंच पेंड खात होतं. बातमी बाजारभर झाली होती, चहावाल्याच्या कृपेनं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून रस्त्यापलीकडून हाका सुरू, “डागदर, झाली का?” भावजी दारात येऊन मान हलवायचे. नवीन गिऱ्हाइकं बिचारी आमच्या तोंडाकडे बघायची.

दुपारपर्यंत पिल्लानं दुधाकडे तोंड फिरवलं. पोट तसंच घट्ट, रडण्यातला जोरही गेला. भावजींचा डबा न उघडता पडला होता.

“वहिनी,” ते म्हणाले, “किती भरवसा टाकलाय हो माझ्यावर.”

“त्या ड्रायव्हरनं?”

“नाही. यानं.”

मला रडू आलं की मी चिडते, तो माझा स्वभावच आहे. मी तणतणत डॉक्टरीणबाईंना फोन लावला. म्हटलं, “माणूस सारखा कापूस घेऊन बसलाय, जेवलेला नाही, तुमचं औषध काही लागू पडत नाही!”

“कसं करतायत ते बघून सांगा,” बाई शांतपणे म्हणाल्या.

मी आत डोकावले. भावजी टेबलावर वाकलेले. बोळा टेकवायचा, उचलायचा. टेकवायचा, उचलायचा.

“अरे देवा! टिपतायत हो, टिपतायत!”

“टिपतायत? मांजरीची जीभ कधी बघितलीत का? कशी खरखरीत असते! दमानं, पण घासायला सांगा. एका लयीत.”

“भावजी, घासा!”

“घासू?” त्यांनी असं पाहिलं, जणू मी दुकान पेटवायला सांगितलंय. “पसरेल ना.”

“पसरू दे! पसरावं म्हणूनच तर सगळे देव पाण्यात घालून बसलोय!”

त्यांचा हात हवेतच थांबला. उभ्या आयुष्यात जे केलं नाही ते करायचं होतं. मग त्यांनी पिल्लाला उचललं, डाव्या तळहातावर आडवं घेतलं आणि घासायला लागले. आधी घाबरत, मग जरा रेटून, मग एका लयीत, ओठ मिटून, दिव्याखाली. मी फोन कानाला लावून श्वास रोखून उभी. पिल्लानं पाय ताणले. शेपटी वर झाली.

“वहिनी... वहिनी, काहीतरी...”

आणि झाली! पिवळी, मऊ, आणि अबब, एवढ्याशा जिवातून केवढी!

“झाली! शी झाली!” भावजी पिल्लाला हातात धरून खोलीभर नाचत होते. हा माणूस नाचतो हे त्याच्या सख्ख्या भावालाही ठाऊक नसेल. मी रस्त्यावर धावले आणि ओरडले, “झाली!” चहावाल्यानं पातेल्यावर झाकण बडवलं. फोनमधून बाईसुद्धा हसत होत्या. परत आत आले तर पिल्लू ड्रॉपरला असं झोंबलेलं की दूध नाकातोंडावर.

तेव्हा कुठे माझं लक्ष टेबलाकडे गेलं. गडबडीत कुणी काही बाजूला केलंच नव्हतं. खाली आमचे जुने गिऱ्हाईक बँडमास्तर यांचा, डाग काढून तयार ठेवलेला पांढराशुभ्र कोट होता, आणि त्याच्या छातीवर...

“पसरली,” भावजी म्हणाले आणि पोट धरून हसत सुटले.

बोलावल्यासारखे बँडमास्तर दारात हजर. कोट आमच्याकडे टाकून, महिनाभर बँड घेऊन गावोगाव फिरून ते त्याच दिवशी परतले होते, त्यामुळे बाजारातली बातमी त्यांच्या कानावर आलेली नव्हती.

“डागदर, कोट झाला?”

“आज मिळणार नाही,” भावजी म्हणाले. हे वाक्य आमच्या दुकानात आजवर कुणी ऐकलेलं नव्हतं.

“का हो?”

“बाळाला शी झाली!” भावजींनी अशा थाटात सांगितलं, जणू बाळ परीक्षेत पहिलं आलंय.

बँडमास्तरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा भावजींकडे, आणि भावजींचा हात दोन्ही हातांत घेऊन गदागदा हलवला. “अहो, अभिनंदन! लग्न कधी केलंत? कळवलंसुद्धा नाहीत! काय झालं, मुलगा की मुलगी?”

मी खुलासा करायला तोंड उघडलं. आम्ही आतापर्यंत पिल्लाला ‘ते’च म्हणत होतो. जगेल की नाही त्याचा भरवसा नव्हता, ‘तो’ की ‘ती’ कोण बघत बसणार? पण एवढा वेळ दिव्याखाली कापूस घेऊन बसलेल्या माणसानं ते पाहून ठेवलं होतं.

“मुलगी,” भावजी म्हणाले. “या ना आत, बघा तिला.”